मेलेल्यांची मोजणी: बॉम्ब पडल्यावर आकडा कोण ठरवतो?

सकाळच्या बातमीत आकडा असतो, संध्याकाळी तो बदललेला असतो. एक वाहिनी म्हणते हल्ल्यात चाळीस नागरिक मेले. दुसरी म्हणते तीस अतिरेकी मेले आणि एकाही नागरिकाला ओरखडा नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात तोच आकडा चारशे झालेला असतो. गाझा असो, म्यानमार असो की युक्रेन, आपल्यातले अनेक तरुण यावर बोलतात, पोस्टर करतात, मोर्चे काढतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. विमानातून बॉम्ब पडल्यावर किती सामान्य माणसे मेली हे मोजणे इतके अवघड का असते, आणि एखादा आकडा समोर आला तर तो कसा वाचायचा, एवढेच इथे सांगायचे आहे.

आधी आपल्याच गावावरून विचार करू. तुमसर तालुक्यातले आंबागड घ्या. ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंदवही आहे. रेशनकार्डे आहेत, मतदार यादी आहे, शाळेचा पट आहे, अंगणवाडीची आणि आशाताईंची वही आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे आणि २१ दिवसांत नोंद करावी लागते. एवढे कागद असताना एखाद्या रात्री एक घर जमीनदोस्त झाले तर आत किती जण होते हे सांगता येईल, असे वाटते. पण त्या घरातली लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते आणि तिचे नाव सासरच्या कार्डावर असते. मुलगा कार्डावर असतो, पण तो नागपूरला बांधकामावर. आदल्या दिवशी पुण्यानुमोदनाला आलेले दोन पाहुणे मुक्कामाला राहिलेले असतात. रोवणीचे दिवस असतील तर पडवीत बाहेरगावच्या बाया झोपलेल्या असतात, त्यांची नावे फक्त मुकादमाला माहीत. चार दिवसांच्या बाळाची नोंद कुठेच झालेली नसते. कागदावर पाच माणसे, ढिगाऱ्याखाली नऊ. आणि हे शांततेच्या काळातले गाव आहे. ग्रामसेवक आहे, पोलीस पाटील आहे, तुमसरला दवाखाना आहे. लढाईच्या मुलखात बॉम्ब पडतो तेव्हा नोंदवही, नोंद करणारा आणि दवाखाना हे तिन्ही बरेचदा त्याच बॉम्बखाली गेलेले असतात.

आपल्या जिल्ह्याने दोन मोठे अपघात अलीकडे पाहिले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. आत १७ बाळे होती, १० गेली, ७ वाचली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळले आणि आठ कामगारांच्या मृत्यूची बातमी त्याच दिवशी आली. दोन्हीकडे आकडा काही तासांत कळला, कारण दोन्ही जागा बंदिस्त होत्या आणि आत कोण आहे याची वही बाहेर होती. रुग्णालयात बाळ आईच्या नावाने नोंदलेले असते, कारखान्यात हजेरी लागलेली असते. हजेरीपट असेल तर मोजणी म्हणजे वजाबाकी. तो नसेल तर काय होते, हे समजायला आपल्याच राज्यातला एक जुना दिवस पाहावा लागतो.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा ५३ वा वाढदिवस. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, वर कापसाच्या गाठी होत्या आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा होत्या. अग्निशमन दलाचे जवान आग विझवत असतानाच ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. हादरा कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदला गेला. जपानी विमानांनी बॉम्ब टाकला असेच अनेकांना वाटले. हा हवाई हल्ला नव्हता, पण दाट वस्तीच्या शहरात शेकडो टन दारूगोळा फुटल्यावर काय उरते आणि ते कोण मोजते, याचे महाराष्ट्रातले याहून मोठे उदाहरण नाही.

त्या दिवसाचे आकडे नीट पाहा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. हा आकडा पक्का आहे, त्यात अंदाज नाही, कारण दलाकडे नावांची यादी होती. त्यांच्यासह गोदीच्या निरनिराळ्या सेवांतले मिळून २३१. हाही आकडा एकेरी अंकापर्यंत नेमका. त्यानंतर येते ते "पाचशेहून अधिक नागरिक". इथे नेमकेपणा संपला. एकूण मृत्यू कुणी सातशे-आठशे सांगतो, कुणी तेराशे. पगारपत्रकावर जो होता तो मोजला गेला, जो शेजारच्या झोपडपट्टीत राहत होता किंवा टोळीवाल्याच्या हाताखाली रोजंदारीवर त्या दिवसापुरता आला होता, तो "अधिक" या शब्दात गेला. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा आला १९४८ साली. त्याआधी आज धक्क्यावर कोण आहे हे टोळीवालाच जाणे, आणि तोही स्फोटात गेला असेल तर कुणीच नाही.

त्यात युद्धाचा काळ, म्हणजे बातम्यांवर सेन्सॉर. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, ही बातमी सविस्तर दिली. इथल्या पत्रकारांना वृत्त पाठवण्याची मोकळीक मिळाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मोजणीच्या दृष्टीने तो पहिला महिनाच मोलाचा असतो. शेजाऱ्यांना कोण दिसेनासे झाले ते आठवत असते, नातेवाईक शोधत फिरत असतात, जखमी बोलू शकत असतात. तो महिना गेला की बेघर झालेली माणसे गावी निघून जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांची आठवणही. सोन्याच्या विटांचा शोध मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. गोदीतला गाळ काढताना वीट सापडली की ती सरकारजमा व्हायची. दरवर्षी १४ एप्रिलला आपण जयंतीच्या मिरवणुकीत असतो, त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्या ६६ जणांसाठी. ते योग्यच आहे.

मुंबईतल्या या तीन अडचणी, यादी नसणे, शरीर न उरणे आणि बातमी दाबणे, आजच्या हवाई युद्धात तशाच आहेत. चौथी नवी आहे. आता मारणारा खूप दूर असतो, आणि मोजणीचा दावाही तोच करतो.

विमानातून किंवा ड्रोनमधून चित्रफीत घेतली जाते. हल्ल्यानंतर तीच पाहून अहवाल बनतो. पण कॅमेऱ्याला छप्पर दिसते, छपराखालची माणसे दिसत नाहीत. १७ मार्च २०१७ रोजी इराकच्या मोसुल शहरात एका इमारतीच्या गच्चीवरच्या दोन बंदूकधाऱ्यांना मारण्यासाठी अमेरिकेने एकच बॉम्ब टाकला. खालच्या मजल्यांवर आसपासची कुटुंबे आसऱ्याला आली होती. अमेरिकी लष्कराच्या स्वतःच्या चौकशीत १०५ नागरिक मेल्याचे मान्य झाले आणि आणखी ३६ जणांचा पत्ता लागला नाही. (त्या घरात शत्रूने आधीच स्फोटके ठेवली होती म्हणून इमारत पडली, असे लष्कराचे म्हणणे. स्थानिकांनी ते मानले नाही.) ही चौकशी झाली, कारण प्रेते इतकी होती की पत्रकार तिथे पोचले. जिथे कुणी पोचत नाही तिथे काय होते? न्यूयॉर्क टाइम्ससाठी दोन पत्रकारांनी उत्तर इराकमध्ये सुमारे दीडशे हल्ल्यांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन विचारपूस केली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात निष्कर्ष छापला. दर पाच हल्ल्यांपैकी एकात नागरिक मेला होता. लष्कराच्या हिशोबात हे प्रमाण १५७ हल्ल्यांत एक होते. म्हणजे एकतीस पटींचा फरक. लष्कर प्रत्येक वेळी मुद्दाम खोटे बोलते असे म्हणायची गरजही नाही. जो खाली उतरून विचारत नाही, त्याला आकडा लहानच दिसणार.

सीरियातल्या रक्का शहराचेही तसेच. २०१७ च्या जून ते ऑक्टोबर या काळात तिथे बॉम्बवर्षाव आणि तोफांचा मारा झाला. अम्नेस्टी आणि एअरवॉर्स या संस्थांनी एप्रिल २०१९ मध्ये १,६०० हून अधिक नागरिक मेल्याचे मांडले, तेव्हा अमेरिकेच्या आघाडीने मान्य केलेला आकडा १५९ होता. या संस्थांकडे हजारावर नावे होती आणि त्यातली ६४१ त्यांनी घरोघर जाऊन स्वतः पडताळली होती. १,६००, १,००० आणि ६४१ हे तीन आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पहिला मेल्याची विश्वासार्ह माहिती मिळालेल्यांचा, दुसरा नाव कळलेल्यांचा, तिसरा नाव तपासलेल्यांचा. भाषणात तिन्ही एकच म्हणून वापरले की गोंधळ सुरू होतो.

आता मोजणीच्या पद्धतींकडे येऊ. सर्वांत भरवशाची म्हणजे नावानिशी यादी. १९९९ साली नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले. तेव्हा तिथल्या सरकारचे दावे हजारोंचे होते, ह्यूमन राइट्स वॉचने ४८९ ते ५२८ नागरिक मेल्याचे सांगितले. पुढे बेलग्रेडच्या एका मानवी हक्क संस्थेने अनेक वर्षे खपून नावांची यादी पुरी केली. त्यात मृत साडेसातशेच्या आसपास निघाले आणि त्यातले नागरिक साधारण साडेचारशे. यादी अशी असली की वाद थांबतो. पण तिला वर्षे लागतात, शांतता लागते, आणि कुणाचेच नाव सांगायला जिथे कुणी उरले नाही ते घर तिच्यातून निसटते.

दुसरी पद्धत नमुना पाहणीची. सगळा देश मोजता येत नाही म्हणून काही घरे निवडायची, तिथे कोण मेले विचारायचे आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधायचा. इराकमध्ये २००६ साली अशी पाहणी झाली, ४७ ठिकाणची १,८४९ घरे. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आला: आक्रमणानंतर साडेसहा लाख जादा मृत्यू, त्यातले सहा लाख हिंसेतले. जगभर खळबळ उडाली. पण हे सहा लाख पाहणीत सापडलेल्या सुमारे ३०० हिंसक मृत्यूंवरून काढलेले होते. म्हणजे पाहणीतला एक मृत्यू देशातल्या दोन हजारांच्या जागी उभा. निवडलेली घरे मुख्य रस्त्याजवळची निघाली, किंवा एका वस्तीत जरा जास्त मृत्यू निघाले, की शेवटचा आकडा हजारोंनी हलतो. इराकी आरोग्य खात्याने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर नऊ हजारांहून अधिक घरांची पाहणी केली, तिच्यात जवळपास त्याच काळासाठी हिंसक मृत्यू आले दीड लाख. बातम्यांतून एकेक घटना जमवणाऱ्या 'इराक बॉडी काउंट'ची यादी तेव्हा पन्नास हजारांच्या आगेमागे होती. दीड लाखाचा अंदाज मला तिन्हीत जास्त पटतो, कारण नमुना मोठा होता. पण यादी लहान निघाली म्हणून ती खोटी ठरत नाही. बातमीत आलेला मृत्यू हा झालेल्या मृत्यूंचा नेहमीच एक भाग असतो. हे आपल्याला कोरोनाने शिकवले आहे. २०२१ अखेर देशाचा सरकारी आकडा ४.८१ लाख होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ चे जादा मृत्यू ४७ लाख धरले आणि सरकारने ते फेटाळले. त्या दिवसांत आपल्या ओळखीतले किती जण तपासणी न होताच गेले, हे प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे.

तिसरी पद्धत ऐकायला किचकट आहे, पण तलावांच्या जिल्ह्यात ती समजावणे सोपे जावे. तलावात मासे किती हे कसे सांगाल? पाणी उपसून नव्हे. जाळे टाकून शंभर मासे धरा, त्यांच्या पंखाला खूण करा आणि सोडून द्या. आठवड्याने पुन्हा शंभर धरा. त्यात खुणेचे वीस निघाले, तर खूण केलेले शंभर मासे हे एकूण माशांच्या एक पंचमांश आहेत, म्हणजे तलावात मासे साधारण पाचशे. खुणेचे दहाच निघाले असते तर हजार धरले असते. मृतांच्या बाबतीत जाळी म्हणजे याद्या. एक यादी दवाखान्याची, दुसरी नातेवाइकांनी स्वतः भरलेली, तिसरी समाजमाध्यमांवरच्या श्रद्धांजलीची. तिन्हीत तीच ती नावे येत असतील तर बहुतेक सगळे मोजून झाले आहेत. प्रत्येक यादीत नवीच नावे निघत असतील तर तलाव आपण समजतो त्याहून खूप मोठा आहे. गाझाच्या बाबतीत संशोधकांनी हेच केले. ३० जून २०२४ पर्यंत आरोग्य मंत्रालयाचा आकडा ३७,८७७ होता. तीन याद्या ताडून पाहिल्यावर जखमांनी झालेले मृत्यू ६४,२६० निघाले. जानेवारी २०२५ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

मंत्रालय हमासच्या हाती म्हणून त्याचा आकडा फुगवलेला, असा प्रचार आपल्याकडेही खूप झाला. या ताळ्यावरून तो उलट कमीच होता. कारण साधे आहे. मृतदेह शवागारात आला की नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक नोंदवायचा अशी ती पद्धत होती. रुग्णालयेच बंद पडत गेली तशी नोंद मागे पडली आणि ढिगाऱ्याखालचे तर त्यात येतच नव्हते. त्या यादीची एक मर्यादाही लक्षात ठेवा. ती लढणारा आणि न लढणारा असा भेद करत नाही. म्हणून तिचा पूर्ण आकडा "नागरिक" म्हणून सांगणे चूक, आणि त्यातले बहुतेक पुरुष लढवय्येच असे म्हणणे तर त्याहून चूक.

इथे रकान्याचा प्रश्न येतो आणि माझ्या मते सगळ्यात मोठा वाद आकड्याचा नसून रकान्याचाच असतो. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजवायला नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एकाच कुटुंबातले चौघे मारले गेले. चार हा आकडा कुणी नाकारला नाही. २००८ साली विशेष न्यायालयाने शिक्षाही दिल्या. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही ते कायम ठेवले. माणसे मोजली गेली, पण जातीच्या रकान्यात ती आली नाहीत. हवाई हल्ल्यातही हेच घडते. मेलेला पुरुष अठरा ते पन्नासमधला असला की तो "लढण्याच्या वयाचा", आणि तिथून "अतिरेकी" या रकान्यात जायला एक सही पुरते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एक गाडी उडवली आणि आत्मघाती हल्लेखोर मारल्याचे जाहीर झाले. पत्रकार त्या अंगणात पोचले. मेलेले दहाही जण सामान्य होते, त्यात सात मुले. १७ सप्टेंबरला अमेरिकेने चूक मान्य केली. हेच दूरच्या एखाद्या खेड्यात झाले असते तर ते दहा जण आजही दुसऱ्या रकान्यात असते.

म्यानमारचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय आपल्यासाठी पुरा होत नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब ज्या रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, त्याच देशात आज बौद्ध सैन्य बौद्ध गावांवर बॉम्ब टाकते आहे आणि मोजणाऱ्याला तुरुंगात घालते आहे. १६ सप्टेंबर २०२२ रोजी सगाईंग भागातल्या लेट येट कोन गावात विहाराच्या आवारात भरणाऱ्या शाळेवर हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला. किमान ११ मुले गेल्याचे युनिसेफने सांगितले. सैनिकांनी काही प्रेते उचलून नेऊन दुसरीकडे जाळली, असे गावकरी सांगतात. प्रेत नाही, म्हणजे मोजायला काही नाही. ११ एप्रिल २०२३ रोजी त्याच भागातल्या पाझीजी गावात एका स्थानिक कार्यालयाच्या उद्घाटनाला लोक जमले असताना विमानाने बॉम्ब टाकला, मागून हेलिकॉप्टर आले. पहिल्या दिवशी पन्नास, मग शंभर, पुढे एकशे सत्तरच्या आसपास असा आकडा चढत गेला. तो वाढवला गेला नाही. शरीरांचे तुकडे झाले होते आणि पुन्हा विमान येईल या भीतीने लोकांना एका जागी थांबून ओळख पटवता येत नव्हती. हल्ला केल्याचे लष्कराने मान्य केले, पण मेलेले बंडखोर आणि त्यांना मदत करणारे होते असे म्हटले. पुन्हा तोच रकाना.

कार्यकर्त्यांना एक कडू वाटेल अशी गोष्टही सांगायला हवी. आपल्या बाजूचा आकडा मोठा असला म्हणजे आपली बाजू भक्कम होते असे नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेच्या विमानांनी जर्मनीतले ड्रेस्डेन शहर जाळले. नाझी प्रचारयंत्रणेने दोन लाख मेल्याचे पसरवले. २०१० मध्ये शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने सगळी कागदपत्रे तपासून जास्तीत जास्त पंचवीस हजार असा निष्कर्ष दिला. पंचवीस हजार माणसे एका शहरात जळणे पुरेसे भयंकर आहे. पण फुगवलेल्या आकड्यामुळे पुढची साठ वर्षे चर्चा त्या मेलेल्यांची न होता आकड्याची होत राहिली, आणि आजही जर्मनीतले नवनाझी तोच जुना आकडा घेऊन मिरवणूक काढतात.

तेव्हा पुढच्या वेळी पोस्टरवर आकडा टाकण्याआधी पाहायचे ते एवढेच: मोजला कुणी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यात ढिगाऱ्याखालचे, बेपत्ता, उपचाराविना मेलेले धरले आहेत की नाहीत. "किमान" हा शब्द मूळ अहवालात असेल तर तो पोस्टरवरही ठेवा, जागा नाही म्हणून गाळू नका. दोन संस्थांचे आकडे कधीही बेरीज करू नका, कारण तीच नावे दोन्हीकडे असतात. आणि स्वतः कधी नोंद घ्यायची वेळ आली, पुराची असो, दंगलीची असो, तर नाव, वडिलांचे किंवा आईचे नाव, वय, जागा, वेळ आणि हे कुणी सांगितले, अशा सहा गोष्टी त्याच दिवशी लिहा. नाव कळले नाही तर ती ओळ कोरी सोडा, पण माणसाची ओळ सोडू नका.